कडेचा तुकडा

"मधोमध कापला की अख्खा बोर्ड वाया जातो, एवढं डोक्यात शिरत नाही तुझ्या?"

"आणि कडेचा कापला की काय वाया जातं, ते तुझ्या डोक्यात शिरत नाही, दादा."

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत की. उद्या त्यांच्याच पायाखाली हे बोर्ड यायचेत."

मी पडद्याआड तांदूळ निवडत बसले होते. पुढच्या खोलीत आमचे हे आणि यांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, भांडत होते. दोघं एकाच बोर्डाच्या कारखान्यात. हे वाळवणखात्याचे मुकादम, आणि वन्सं यांच्याच हाताखाली बोर्ड तपासायच्या. वन्सं पास म्हणतील तो बोर्ड बाहेर जायचा, नापास म्हणतील तो परत वाळवायच्या भट्टीत.

भावाबहिणीची भांडणं मला नवी नव्हती. एक टॉवेल कुणी ओला ठेवला यावरून दोघं अख्खी सकाळ काढत. पण त्या दिवशी आवाज निराळा होता. हे म्हणाले, "तू फक्त शिक्का मारायचा. विचार करायला साहेब आहे."

"शिक्क्यात साहेबाची खूण आहे का? माझी आहे."

"मग नको मारूस! दारात रांग लागलीय शिक्का मारणाऱ्यांची."

मी पडद्याबाहेर आले नाही. तांदूळ निवडत राहिले. खरं सांगायचं तर तो तांदूळ मी आदल्या दिवशीच निवडून ठेवला होता. त्यात एक खडा नव्हता, पण माझी मान काही वर झाली नाही. हे आठवलं की आजही मला माझाच राग येतो. यांचा तर येतोच. माणूस गेला की त्याच्यावरचा राग सोडून द्यावा असं लोक सांगतात. मी सोडलेला नाही. नीट घडी घालून ठेवलाय.

वन्सं आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. लग्न मोडलं होतं. का मोडलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "वहिनी, तो माणूस आतून ओला होता." मला वाटलं रडका असेल. पुढे त्यांचं काम कळलं, तेव्हा कळलं की ही त्यांच्या तोंडची सगळ्यात वाईट शिवी.

त्यांचं काम असं. कारखान्यात लाकडाचे तुकडे शिजवून, कुटून, कापसासारखे मोकळे करत. मग ते पाण्यात कालवून जाळीवर पसरायचे. पाणी निथळलं की ओल्या गादीसारखा थर उरायचा. तो दाबायचा आणि वाळवायचा, की झाला बोर्ड. भिंतीला शोभेसाठी ठोकायचा नव्हे. दोन बोटं जाड, वजन पेलणारा, माडीवरच्या जमिनीत घालायचा. म्हणजे त्यावर कुणाचा तरी पलंग असणार, कपाट असणार, पोरं उड्या मारणार. आणि खाली कुणीतरी जेवायला बसलेलं असणार.

असा बोर्ड आत ओला राहिला तर वरून काहीएक कळत नाही. गुळगुळीत, कडक, छान दिसतो. पण आतली ओल महिन्या-दोन महिन्यांत थरांना थरांपासून सोडवते आणि मधला भाग भुसभुशीत होतो. म्हणून दर पंचविसाव्या बोर्डाच्या बरोबर मधोमध करवत घालून वन्सं हाताएवढा तुकडा काढायच्या. तो छोट्या काट्यावर तोलायचा, लोखंडी पेटीत रात्रभर तापत ठेवायचा, सकाळी परत तोलायचा. वजन जेवढं घटलं तेवढं पाणी. शंभरात आठ चालायचं, नववं नाही. आणि उरलेले चोवीस बोर्ड त्या बोटाच्या सांध्यानं टकटक करून, कान लावून ऐकायच्या. कारखान्यात सगळे त्यांना टकटकबाई म्हणत. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला सांध्यावर घट्टा पडला होता. मला म्हणायच्या, "लोक अंगठी घालतात, माझं हे बघ."

दहा वर्षं सुरळीत गेली. बोर्ड गरम हवेच्या लांब खोलीत एक दिवस आणि एक रात्र वाळायचे. मग मालकानं नवा साहेब आणला. साहेब शिकलेला, बूट चकचकीत, आणि घाई अशी, पाठीमागे कुत्रं लागल्यासारखी. त्यानं नवी यंत्रं बसवली. तापलेल्या दोन जाड पोलादी पाट्या आणि मध्ये ओला थर. वरून इस्त्री, खालून इस्त्री. चार तासांत बोर्ड तयार. एका दिवसाचं काम चार तासांत! मालकानं साहेबाच्या पाठीवर थाप मारली. साहेबानं यांच्या पाठीवर मारली. आमचे हे घरी आले ते पाठ दाखवतच.

ओला कपडा इस्त्रीखाली धरला तर वाफ कुठे जाते? वर उडते. पण वर पण इस्त्री, खाली पण इस्त्री, तर जाईल कुठे? कडेनं जाईल. म्हणजे बोर्डाची कड आधी वाळणार, आणि मधली वाफ तिथेच घुसमटून परत पाणी होणार. हे मला चुलीपुढे बसून कळतं. साहेबाला कळलं नसेल असं मी मरेपर्यंत मानणार नाही.

तर मधल्या तुकड्यांत पाणी भरपूर निघायला लागलं. शंभरात चौदा, सतरा. बोर्डांची थप्पी परत भट्टीकडे. साहेबाचं तोंड उतरलं. मग साहेबानं डोकं चालवलं. दर पंचवीसमागे एक बोर्ड मधोमध भोक पाडून फुकट घालवायचा, ही काय पद्धत? यापुढे तुकडा कडेचा काढायचा. कड तशीही छाटतोच आपण. नुकसान शून्य.

आणि आमच्या ह्यांनी तो हुकूम घरी चहा पिता पिता बहिणीला सांगितला. कसा? अगदी लाडानं. "तुझंच काम हलकं होतंय. करवत चालवून चालवून खांदा दुखतो ना तुझा?"

वन्संचा खांदा खरंच दुखायचा. आणि सख्खा भाऊ सांगतोय. त्यांनी कडेचे तुकडे काढले. तुकडे मस्त कोरडे, शंभरात सहा, शंभरात सात. टकटक पण बंद, कारण थप्प्या गरम असतानाच गाडीत चढायला लागल्या. आणि बोर्ड गरम असताना त्याचा आवाज खोटा येतो. अकरा दिवस वन्सं शिक्के मारत गेल्या. तीनशे सोळा बोर्ड.

बाराव्या दिवशी एक बोर्ड गाडीत चढवताना पडला आणि कोपरा मोडला. मोडका बोर्ड पाठवता येत नाही, म्हणून वन्संनी त्याला मधोमध करवत लावली, नुसतं बघायला. करवतीच्या पात्यावर ओला लगदा चिकटून आला. त्यांनी त्यात बोट घातलं. गेलं. पेराएवढं आत गेलं.

त्याच दुपारी ते भांडण झालं, जे मी पडद्याआडून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी वन्सं थेट साहेबाच्या खोलीत गेल्या. त्या काही घाईच्या वैरी नव्हत्या, हे मला इथे ठासून सांगायचंय. कारण पुढे कारखान्यात असंच पसरवलं की बाईला नवं यंत्र सोसलं नाही. त्या साहेबाला म्हणाल्या, "साहेब, लवकर वाळवा, माझी ना नाही. पण वाफेला वाट द्या. पाटी आणि बोर्ड यांच्या मध्ये तारेची जाळी घाला. आणि दर अर्ध्या तासानं पाट्या बोटभर उघडा, श्वास घेऊ द्या त्याला. चारच्या जागी सहा तास लागतील. एका दिवसाचे सहा तास, काय वाईट आहे?"

साहेब म्हणाला, "मी मालकांना चार सांगितलेत."

"मग आता सहा सांगा."

"बाई, तुम्ही कितवीपर्यंत शिकलात?"

"बोर्ड आत ओला आहे हे कळण्याइतपत शिकलेय."

त्याच संध्याकाळी त्यांना कामावरून काढलं. कागद कुणी आणून दिला? मुकादमानं. आमच्या ह्यांनी. सख्ख्या बहिणीच्या हातात कागद ठेवला आणि म्हणाले, "मी काय करू? माझे हात बांधलेले आहेत." वन्सं म्हणाल्या, "हात मोकळे दिसतायत, दादा. कागद धरलायस की."

तीनशे पंधरा बोर्ड बाहेर गेले होते आणि प्रत्येकावर वन्संचा गोल शिक्का होता: 'वाळले'. कुठे गेले ते त्यांना माहीत नव्हतं. ते यांच्याजवळच्या गाड्यांच्या यादीत होतं, आणि हे यादी देत नव्हते. वन्संना तेव्हा झोप नव्हती, भूक नव्हती. घरात चालता चालता थांबायच्या आणि पायाखाली बघायच्या. मला एकदाच म्हणाल्या, "वहिनी, कुणीतरी पडणार गं. आणि पडताना माझा शिक्का बघत पडणार."

दोन महिन्यांनी पडलंच. बस डेपोच्या मागे दुमजली खोल्यांची नवी वसाहत झाली होती, बेचाळीस खोल्या. तिथे माडीवर एक शिंपीणबाई राहायची. शिवणयंत्राशी बसली होती, आणि यंत्राचा पुढचा पाय जमिनीत गेला. मागोमाग तिचा गेला. मांडीपर्यंत. हाड दोन ठिकाणी मोडलं. खालच्या खोलीत नशिबानं कुणी नव्हतं. बातमी घरी यांनीच आणली, आणि सांगून झाल्यावर म्हणाले, "यंत्र फार जड होतं म्हणे."

यंत्र जड होतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं मी या माणसाचं ऐकून घेतलं होतं, भाजीत मीठ कमी पडलं तरी दोष माझा आणि पाऊस पडला तरी माझा. त्या दिवशी मी ठरवलं, बस्स.

ओरडले नाही. मला ओरडता येत नाही, माझा आवाज चिरकतो आणि मलाच हसू येतं. मी कढई कडकडीत तापवली, बटाट्याच्या जाड फोडी टाकल्या, भराभर लाल केल्या आणि उतरवल्या. यांच्या ताटात वाढल्या. यांनी दात लावला. कर्रकन आवाज झाला.

"हे काय? आत कच्चे आहेत!"

"वरून तर छान झालेत."

"अगं, पण आत…"

"आतलं कशाला बघता? कडेकडेनं खा. कडा शिजल्यात."

वन्सं समोर जेवत होत्या. त्यांच्या ताटात शिजलेले होते, त्यांचे मी वेगळे केले होते. त्यांनी मान खाली घातली. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे खांदे हसण्यानं हलले.

दुसऱ्या दिवशी भात. वर मोकळा, खाली कणी. तिसऱ्या दिवशी परत बटाटे. "चार तास कशाला, चार मिनिटांत केलेत," मी म्हटलं. "पाठीवर थाप नाही का मारायची?" हे ताटावरून उठले. मला वाटलं आता हात उगारतील. तेही मनात धरूनच मी पळी हातात ठेवली होती. पण कपाटाकडे गेले, यादीची वही काढली, ओट्यावर ठेवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी दिली असं कुणाला सांगू नका."

असा होता आमचा पुरुषार्थ.

तीनशे पंधराच्या तीनशे पंधरा बोर्ड त्या एकाच वसाहतीत गेले होते. पुढच्या रविवारी वन्संनी खडू घेतला आणि निघाल्या. मीही निघाले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी म्हटलं, कुणीतरी लोकांचे पलंग सरकवायला हवं.

लोकांनी काय कमी बोलून घेतलं? एकजण म्हणाला, "बाई, तुम्ही कारखान्याच्या ना? आधी कच्चा माल विकता आणि मग ठोकून बघायला येता?" वन्सं म्हणाल्या, "हो. सतरंजी काढा." एका म्हातारीनं तर दार लावून घेतलं. वन्सं पायरीवर बसून राहिल्या ती कंटाळून उघडेपर्यंत. गुडघ्यांवर बसायच्या, बोर्डाला कान लावायच्या, टक, टक, टक. कोरडा असला की पुढे. आवाज धप्प आला की खडूनं फुली, आणि "यावर काही जड ठेवू नका, पोरांना नाचू देऊ नका." सात रविवार लागले. फुल्या झाल्या सत्त्याण्णव.

सत्त्याण्णव बोर्डांचा आकडा घेऊन त्या मालकाकडे गेल्या. मालकानं शिंपीणबाईच्या खोलीतला फुटका बोर्ड मागवला, उलटा केला आणि शिक्क्यावर बोट ठेवलं. "हा कुणाचा?"

"माझा."

"मग चूक कुणाची?"

त्याला वाटलं, बाईला कोपऱ्यात पकडली. वन्सं तिथून उठल्या, वसाहतीच्या ऑफिसात गेल्या आणि लिहून दिलं: मी तुकडे कडेचे काढले, मधले काढायला हवे होते हे मला माहीत होतं, तरी शिक्के मारले, हे बोर्ड वाळलेले नाहीत. खाली सही. तपासणाऱ्यानंच लिहून दिल्यावर ऑफिसला गप्प बसता येईना, आणि कारखान्याला सत्त्याण्णव बोर्ड बदलून द्यावे लागले. वन्संना मात्र नंतर एकाही कारखान्यानं दारात उभं केलं नाही. लिहून दिलेलं होतं ना, की ही खोटे शिक्के मारते. पुढची वर्षं त्यांनी एका छापखान्यात कागदाचे गठ्ठे बांधले.

त्या कागदात यांचं नाव नव्हतं. साहेबाचंही नव्हतं. मी विचारलं, "का नाही घातलंत? बसवायचं होतं दोघांना रांगेत!"

"हुकूम त्यांचा होता, वहिनी. हात माझा होता."

मला हे पटलं नाही. तेव्हाही नाही, आजही नाही. मी असते तर दोघांची नावं आधी घातली असती, ठळक. यांचं जरा जास्तच ठळक.

आणि पुढच्या वर्षी काय व्हावं? कारखान्यात पाट्यांवर तारेच्या जाळ्या आल्या. दर अर्ध्या तासानं पाट्या उघडायला लागल्या. सहा तास. साहेबाची नवी पद्धत म्हणून पेपरात आलं, आणि साहेबाचा फोटो कारखान्याच्या फाटकाजवळ लागला, बुटांसकट. मी यांना म्हटलं, "बहिणीचा फोटो कधी लावताय?" हे पेपर तोंडापुढे धरून बसले. पेपर उलटा होता. वन्संना काहीच वाटलं नाही, किंवा दाखवलं नाही. म्हणाल्या, "जाळी घातली ना? मग झालं." झालं कसलं! माझा जीव अजून जळतो त्या फोटोवर.

उरलेले दोनशे अठरा बोर्ड आवाजाला चांगले होते. पण वन्संचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. त्या म्हणत, "एकदा माझा कान विकला गेला, आता त्याला तपासत राहायला हवं." म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या वसाहतीत जायच्या आणि सहा-सात खोल्या ठोकून यायच्या. सगळ्या संपल्या की परत पहिलीपासून. बत्तीस वर्षं. राहणारे बदलले, त्यांची पोरं मोठी झाली, हे गेले. हे गेले त्या महिन्याचाही पहिला रविवार चुकला नाही. मी अर्धवट रागानं म्हटलं, "निदान आज तरी," तर म्हणाल्या, "दादाच्याच तर बोर्डांकडे चाललेय." बत्तीस वर्षांत आणखी नऊ फुल्या निघाल्या. नऊही बदलून घेतल्या. कोणी पडलं नाही.

शेवटचा रविवार मला चांगला आठवतो, कारण त्यानंतर पाचव्या दिवशी त्या झोपेतच गेल्या. तेव्हा सत्तरीच्या होत्या, गुडघे पार कामातून गेलेले. जिना आडव्या पावलानं चढायच्या, मी मागून कमरेला हात लावून. चौतीस नंबरच्या खोलीत नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं राहत होतं. दार मुलानं उघडलं.

"आजी, कोण हवंय?"

"कुणी नको. जमीन हवीय. तो पलंग सरकव."

त्यानं बायकोकडे बघितलं. बायकोनं शेजारणीकडे बघितलं. शेजारीण म्हणाली, "सरकव रे, त्या गेल्याशिवाय तुमची सुटका नाही."

पलंग सरकला. वन्संना आता खाली बसता येत नव्हतं, म्हणून त्या सरळ आडव्याच झाल्या, गाल जमिनीला लावून. टक, टक. खिडकीखालच्या बोर्डाशी थांबल्या. परत ठोकला. मला म्हणाल्या, "तू ऐक." मी वाकून ऐकलं. मला काही कळलं नाही, तसं मी सांगितलं.

"तुला कधी कळलंय? खडू दे."

फुली मारली. मुलगा कुरकुरला, "अहो आजी, दोन महिने आम्ही पलंग इथेच ठेवतोय, काही झालं नाही."

"मग आता तिकडे ठेव. भिंतीपाशी. आणि दोघांनी एकदम उड्या मारू नका."

बायको लाजून आत पळाली. मुलगा हसत पलंग ओढायला लागला.

खाली ऑफिसच्या खिडकीत वन्संनी चिठ्ठी दिली: खोली चौतीस, खिडकीखालचा, बदलणे. कारकून म्हणाला, "ठेवून जा, बघतो." वन्सं हलल्या नाहीत. त्यानं तारीख घातली, पोच दिली. वन्संनी पोच वाचली, तारीख नीट आहे का बघितली आणि घडी करून पिशवीत टाकली.

मी म्हटलं, "चला आता घरी. दमलात."

"अजून चार राहिल्यात," म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या. मी कमरेला हात लावला. त्या चारही झाल्या.